सातपाणी, नवी आवृत्ती

शिराजच्या झेरॉक्सच्या दुकानात, उद्यमनगरात,
शटर अर्धं ओढून माळ्यावर खेळायचो आम्ही चौघं,
सत्त्याण्णव साली.
नियमांचं पुस्तक सन्मतीच्या मस्कतच्या चुलत्याचं,
आमच्याकडे त्याची प्रत, प्रतीचीही प्रत,
आकडे इतके पुसट की तिनाचा आठ दिसायचा,
आणि त्या एका आठापायी
दलदलीतला राक्षस दोन वर्षं आम्हाला उगाच भारी पडला.

वीस बाजूंचा फासा गावात कुठंच मिळेना.
भरमाने वडलांच्या पॅटर्न-शॉपमधून सागवानाचा तासून आणला.
जरा तिरका होता. सतरा फार पडायचे.
कुणी तक्रार केली नाही.

जग सन्मतीचं. नाव सातपाणी.
सात तळी, प्रत्येकाच्या तळाशी एकेक राज्य.
गुऱ्हाळावर राबणारी भुतं, चुलाण पेटलेलं असेतोवरच दिसणारी.
एक जकात नाका, जिथं पैसे चालत नाहीत,
एक आठवण ठेवून पुढं जायचं.
हे सगळं शंभर पानी तीन वह्यांत, निळ्या शाईत,
आणि शुद्धलेखनाच्या नावानं बोंब.

सन्मती गेला त्याला नऊ वर्षं झाली.
वह्या त्याच्या बायकोनं दिल्या, पूर ओसरल्यावर, गच्चीत वाळवून.
आता शिराजची अल्फिया म्हणते,
"आत्या, हे नव्या नियमांत बसवू या. मी खेळवतो."
मीही तिच्या वयात असाच बोलायचो.
अजून घरात येतो-जातोच म्हणतो, ऑफिसात तेवढी सुधारते.

जुन्या नियमांत चिलखत जितकं भक्कम
तितका आकडा लहान, शून्याच्याही खाली उतरायचा.
नव्यात सगळं सरळ: जास्त ते चांगलं.
विसातून जुना वजा करायचा, झालं.
वीस वर्षं फाउंड्रीचा ताळेबंद लिहिते मी,
असल्या वजाबाक्या झोपेत होतात.
राक्षसाचा आठ पुन्हा तीन केला.
भुतांना काय द्यायचं ते कळेना. नाक्याला तर आकडाच नव्हता.

पाचव्या तळ्याची शाई पुरात फुटली होती,
दोन गावं आणि एक देऊळ निळ्यात बुडालेलं.
"नकाशा परत काढू?" अल्फियानं विचारलं.
म्हटलं, राहू दे.
तिथंही इतकी वर्षं गेलीच असतील की.
लिही, पाणी चढलं.

मग दुसऱ्या वहीत तिसरं तळं आलं.
इथं मेली होती माझी दुर्वा, माग काढणारी,
डोहाचं पाणी ओंजळीनं पिऊन.
जुन्या नियमांत विषाला एकच फेक.
माझे पडले चार.
"फासा पडला तो पडला," सन्मती म्हणाला,
आणि मी सायकल काढून तडक घरी.
महिनाभर फिरकले नाही,
फिरकले ती दुसरं पात्र घेऊन, त्याच्याकडे न बघता.

अल्फिया म्हणाली, "आता तीन संधी असतात, आत्या.
एवढ्यात कोण मरत नाही."
मी ऐकत नव्हते.
समासात, शिसपेन्सिलीनं, त्याचं ते बुटकं अक्षर:
*विश खोटं आहे. झोपली आहे फक्त.
ती विचारेल तेव्हा सांगायचं.*

मी विचारलंच नाही.
सत्तावीस वर्षांत, एवढ्याशा गावात,
रंकाळ्यावर, लग्नांत, त्याच्या दवाखान्याच्या खोलीत
बेडशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून
शिराजच्या नव्या मशीनबद्दल बोललो आम्ही.
हसलोही.

अल्फियाला म्हटलं, चहा टाक जा.
ती आत गेली तेव्हा
विषाच्या रकान्यात काहीच भरलं नाही.
तिसऱ्या तळ्याकाठी लिहिलं: एक बाई, झोपलेली, हात ओले.

शनिवारी पोरं येणार आहेत, पाच जण, राजारामपुरीची.
फासा सागवानाचाच ठेवलाय.
त्या बाईचं नाव मी आपणहून सांगणार नाही.
कुणी विचारलं
तर मात्र लगेच सांगायचं, असं अल्फियाला
दोनदा बजावलंय.